प्लॅटिनमचं जुनं औषध, परळचा पुरावा

रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहणारी माझी आत्या शेहेचाळीस वर्षांची. तिच्या गाठीच्या तपासणीचा कागद आला तेव्हा ईआर आणि पीआर हे संप्रेरक-ग्राही आणि हर-टू हे प्रथिन, या तिन्हींपुढे 'निगेटिव्ह' लिहिलं होतं. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. निगेटिव्ह म्हणजे काही निघालं नाही, असंच आपण धरून चालतो. स्तनाच्या कर्करोगात मात्र अर्थ उलटा. संप्रेरकांची गोळी चालणार नाही, हर-टूवरचं इंजेक्शनही नाही. मुख्य आधार केमोचाच. हा 'ट्रिपल निगेटिव्ह' प्रकार आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतो, तोही तरुण बायकांत.

इथे प्लॅटिनम कामाला येतं. 1965 साली मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग जंतूंवर विजेचा परिणाम पाहत होते. जंतूंचं विभाजनच थांबलं, ते नुसते दोऱ्यासारखे लांबत गेले. कारण वीज नव्हती. इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या प्लॅटिनमची द्रावणात झालेली संयुगं होती. त्यातून सिस्प्लॅटिन आलं, 1978मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढे मूत्रपिंडाला कमी त्रास देणारं कार्बोप्लॅटिन आलं. दोघांचंही काम तेच : डीएनएच्या शिडीतल्या ग्वानिन या घटकाच्या शेजारशेजारच्या दोन रेणूंना धरून शिडी वाकवायची. निरोगी पेशी ती बरीचशी सरळ करते. बीआरसीए हे डीएनए-दुरुस्तीचं जनुक बिघडलेल्या पेशीला ते जमत नाही.

पण हे औषध स्तनाच्या कर्करोगात नेमकं कुणाला उपयोगी? उत्तरासाठी फार लांब जावं लागत नाही. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुदीप गुप्ता आणि सहकाऱ्यांनी 720 ट्रिपल निगेटिव्ह रुग्णांवर चाचणी केली. शस्त्रक्रियेआधी निम्म्या जणींना नेहमीच्या केमोत पॅक्लिटॅक्सेलसोबत आठवड्याला एक, असे कार्बोप्लॅटिनचे आठ डोस दिले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण सुमारे 66 टक्क्यांवरून 77 टक्क्यांवर गेलं. पन्नाशीपुढे तसा फायदा दिसला नाही. 2022च्या डिसेंबरात सॅन अँटोनिओच्या परिषदेत हे मांडलं गेलं. पेटंट केव्हाच संपलेल्या, जेनेरिक मिळणाऱ्या औषधाचा हा निकाल मला कुठल्याही नव्या रेणूपेक्षा मोठा वाटतो.

नवे रेणू आहेतच. पॅरिसमध्ये जेरार जाऊएन यांनी टॅमॉक्सिफेनच्या सांगाड्यात फेरोसीन, म्हणजे लोखंडाचं संयुग, बसवून फेरोसिफेन घडवलं. ईआर नसलेल्या पेशीही त्याने प्रयोगशाळेत मरतात. रुथेनियम, तांबं, सोनं यांवरही काम चालू आहे. पण काचेच्या थाळीतून शिरेपर्यंतची वाट लांब असते आणि तिच्यावर बहुतेक संयुगं गळतात. लोह किंवा ताम्र भस्म खाऊन हेच साधेल, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्यात उपचाराचे आठवडे हातचे जातात.

पूर्वी रायपुरात कर्करोग म्हटलं, की मुंबई मेलचं तिकीट काढायचं. आता मेकाहारा या सरकारी रुग्णालयात कर्करोग विभाग आहे, एम्स आहे. आत्याचे कार्बोप्लॅटिनचे आठही डोस रायपुरातच झाले. दर खेपेला आधी रक्त तपासायचं, प्लेटलेट्स पाहायच्या, मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनवरून मात्रा बसवायची. ॲल्युमिनियमची सुई या औषधाला चालत नाही, काळा साका बसतो, हे नर्सताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. पिशवीतलं पाणी अगदी नितळ होतं. आत्या ते थेंब मोजत पडून राहायची.