पुस्तक संपले, पण वाचायला आले का?



हंगाम सुरू झाला की आपल्या सर्वांच्या तोंडी दोन आकडे असतात. एक गाळपाचा आणि दुसरा उताऱ्याचा. नुसते गाळप सांगून कोणी भागवू लागला, तर वार्षिक सभेत मागच्या रांगेतून आवाज येतोच, "टनेज राहू द्या, उतारा सांगा!" आणि ते बरोबरच आहे. उसाचा भाव उताऱ्यावर बांधलेला असतो. मोळ्या कितीही आल्या तरी रसात साखर नसेल तर पोत्यात काय भरणार?

परंतु हेच आपण गावच्या शाळेत गेलो की टनेजावर समाधान मानतो. "गुरुजी, किती धडे झाले? मार्क किती पडले? नंबर कितवा?" एवढे विचारून चप्पल घालून परत फिरतो. उताऱ्याचा प्रश्न विचारायचा राहूनच जातो. तो प्रश्न असा : पोराला समजून वाचायला येतं का, आणि वाचलेलं त्याला आपल्या तोंडानं सांगता येतं का? प्राथमिक शाळेचा खरा उतारा तो हाच, असे आमचे मत आहे. या अंकात त्याचाच विचार करू.

आकडा काय सांगतो

'प्रथम' ही संस्था २००५ सालापासून देशाच्या ग्रामीण भागात 'असर' नावाची पाहणी करते. पाहणीची रीत साधी आहे. कार्यकर्ता घरी जातो, मुलाला जवळ बसवतो आणि चार गोष्टी वाचायला देतो : अक्षरे, शब्द, पहिलीच्या तोडीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या तोडीची गोष्ट. आता निकाल पाहा. पाचवीत बसणाऱ्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये शंभरात सुमारे ५० होती. करोनाच्या काळात शाळा बंद राहिल्या आणि २०२२ मध्ये ती ४३ वर आली. २०२४ मध्ये पुन्हा ४९ च्या आसपास चढली. म्हणजे पाचवीच्या वर्गातले निम्मे पोर दुसरीच्या पुस्तकाशी अडखळते. सरकारी आणि खाजगी अशा दोन्ही शाळांतली मुले धरून हा आकडा आहे, हेही ध्यानात ठेवावे.

असे का बिघडते? पहिली-दुसरी ही वाचायला शिकण्याची वर्षे. तिसरीपासून वाचून शिकायचे असते. परिसर अभ्यास वाचून समजायचा, गणितातले उदाहरणसुद्धा आधी वाचूनच कळायचे. ज्याची उगवणच विरळ झाली त्या प्लॉटला पुढे खत कितीही टाका, टनेज भरून निघत नाही. तसेच हे. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' अभियान सुरू केले तेही याच कारणाने. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे हिशेब करता यावेत, हे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठायचे त्यात ठरवले आहे.

पुस्तक म्हणजे अभ्यासक्रम नव्हे

आपल्याकडे एक समज पक्का बसला आहे की पुस्तक संपले म्हणजे अभ्यासक्रम झाला. वस्तुतः मुलाला वर्षाअखेर काय काय जमले पाहिजे, याची यादी म्हणजे अभ्यासक्रम. पुस्तक हे त्यासाठी हाती दिलेले अवजार. आपली पाठ्यपुस्तके काढणारी 'बालभारती' २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झाली. तिच्या पुस्तकांच्या सुरुवातीच्या पानांत आता 'अध्ययन निष्पत्ती' या नावाने ही यादीच छापलेली असते. नाव जड आहे, पण आतले म्हणणे सोपे आहे. ऐकलेली गोष्ट मूल आपल्या शब्दांत सांगते काय, चित्र पाहून बोलते काय, वाचलेल्यावर प्रश्न विचारते काय, अशा प्रकारचे. ते पान पालकांसाठीही आहे. एकदा उघडून वाचावे.

अवजार नीट वापरले तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक असताना श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड छापले. कोडवर मोबाईल धरला की कविता ऐकू यावी, गोष्ट दिसावी, ही कल्पना. २०१७ मध्ये राज्याने आपल्या पाठ्यपुस्तकांत असे कोड देण्याचे ठरवले. पुढे ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना 'ग्लोबल टीचर प्राइज' जाहीर झाले. रक्कम दहा लाख डॉलर. त्यातली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटण्याचे जाहीर केले.

या गोष्टीतला कोडच सगळ्यांच्या लक्षात राहिला. पण पारितोषिकाच्या वेळी जी माहिती प्रसिद्ध झाली, तिच्यात आणखी एक मुद्दा होता : पुस्तकाची भाषा आणि मुलींच्या घरची भाषा वेगळी असल्यामुळे त्यांना पुस्तक उमगत नव्हते. आधी ही अडचण ओळखावी लागली, कोड त्यानंतरचा. मोबाईल काय, आज प्रत्येक घरात आहे. अडचण ओळखणारा माणूस पाहिजे.

घरची बोली आणि शाळेची भाषा

आपला सोलापूर जिल्हा म्हणजे भाषांचा संगम. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे घरोघर कन्नड, शहरात विणकर समाजाची तेलुगू, मोहल्ल्यांत उर्दू, तांड्यावर गोरमाटी. आणि जी घरे मराठीच बोलतात त्यांची मराठी तरी पुस्तकातली कुठे आहे? पुस्तकात 'तो जात आहे' असते, आपल्या घरात 'त्यो जायलाय' असते. सहा वर्षांचे पोर वर्गात उभे राहून 'आमची म्हस यायलीय' म्हणाले आणि वर्ग फिदीफिदी हसला, की ते पोर खाली बसते. मग ते चौथीपर्यंत तोंड उघडत नाही. आपण म्हणतो, "पोरगं लाजरं आहे." पोरगं लाजरं नसतं, त्याच्या तोंडावर हात ठेवलेला असतो.

माळशिरस तालुक्याला लागूनच फलटण आहे. तिथल्या लोकांच्या बोलण्याचा अभ्यास करण्यासाठी डॉ. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ आल्या. फलटणच्या बोलीवर त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला आणि त्या तिथल्याच होऊन राहिल्या. शाळेत नाव असूनही वाचता न येणाऱ्या वस्तीवरच्या मुलांना त्या शिकवू लागल्या, आणि १९८० च्या दशकात त्यातूनच 'प्रगत शिक्षण संस्था' आणि 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा उभी राहिली. परदेशातून आलेल्या बाईंनी आपल्या पोरांची बोली कान देऊन ऐकली, आणि आपण मात्र ती अशुद्ध म्हणून मोडून काढायला निघालो, याचा विचार व्हावा.

प्रमाण भाषा शिकवू नये असे आमचे म्हणणे नाही. ती आलीच पाहिजे. पण ती घरच्या बोलीवरून चालत यावी. जुन्या खोडावर फुटवा चांगला येतो, तो खोड उपटून येत नाही.

वाचायला शिकवण्याची रीत

आपण शिकलो तेव्हा 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत मुळाक्षरे घोकायची, मग बाराखडी, आणि वर्षभराने शब्द. सूर लावून पाठ होई, पण मधलेच एखादे अक्षर बोट ठेवून विचारले की गाडी अडे. दुसरी रीत अशी : थोडीच अक्षरे आणि एक-दोन काने-मात्रे घ्यायचे, आणि त्यांतून लगेच अर्थाचे शब्द बनवायचे. 'क, म, ल' आणि काना एवढ्यावर 'काम', 'कमल', 'कमाल', 'मामा', 'काका', 'लाल' इतके शब्द पहिल्याच आठवड्यात हाती येतात. मुलाला चटकन कळते की ही रेघोटी म्हणजे आपलेच बोलणे आहे. त्याबरोबर रोज मोठ्याने गोष्ट वाचून दाखवायची, मुलांनी सांगितलेले वाक्य फळ्यावर लिहायचे आणि तेच त्यांच्याकडून वाचून घ्यायचे.

आपल्या घरच्या मुलांजवळ शब्दांची कमाई काय थोडी आहे? लागण, खोडवा, बेणे, पाचट, वाढे, बांधणी, पाट, फड. हे शब्द फळ्यावर आले तर ते वाचायला पोर उडी मारून पुढे येईल.

बोलणे हाही अभ्यासच

शाळेत रोज परिपाठ होतो. प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या, बोधकथा. पण बहुतेक ठिकाणी बोलणारी मुले ठरलेली चार-पाच, आणि उरलेली रांगेत उभी राहून पायाच्या अंगठ्याने माती उकरतात. दिवसाला तीन मुले पाळीपाळीने घेतली तर तीस पोरांच्या वर्गात प्रत्येकाची पाळी दहा दिवसांनी येते. विषय घरचाच द्यावा : काल मोटार का बंद पडली, आजी पापड कसे करते, बाजारात कांदा काय भावाने गेला. ज्याला आज पाच वाक्ये बोलता येतात, तो उद्या पाच वाक्ये लिहील. आणि मोठेपणी सभेत उभा राहून हिशेबही विचारील. सहकार टिकवायचा असेल तर बोलणारे सभासद शाळेतच तयार व्हावे लागतात.

परीक्षा : काट्यावर आणि फडात

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २९ मध्ये शक्यतो मातृभाषेतून शिक्षण आणि मुलाला काय समजले याचे सतत मूल्यमापन, या दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. त्यानुसार राज्य सरकारने २० ऑगस्ट २०१० रोजी निर्णय काढला. त्यात मूल्यमापनाचे दोन भाग पाडले, आकारिक आणि संकलित. पहिली-दुसरीला ७० टक्के भार आकारिकाला व ३० टक्के संकलिताला, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, अशी विभागणी ठरवली. आकारिकात रोजचे निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय हे सारे येते.

आपल्या भाषेत सांगायचे तर संकलित म्हणजे काट्यावरचे वजन. गाडी काट्यावर आली की पावती मिळते, पण ऊस सुधारायची वेळ गेलेली असते. आकारिक म्हणजे ऊस उभा असतानाच फडात जाऊन ब्रिक्स पाहणे. कुठे पाणी कमी पडले, कुठे पक्वता आली नाही, हे वेळेवर कळते आणि उपाय करता येतो.

"आता परीक्षाच नाहीत, सगळे ढकलपास," अशी तक्रार आम्ही गटागटांतून ऐकली. पुढे २०१९ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि २०२३ मध्ये राज्याने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. ती असावी की नसावी यावर मतभेद असू शकतात. पण पाचवीत नापास झालेले पोर पहिलीतच अडखळले होते, हे कोणी पाहिले नसेल तर परीक्षेचा दोष किती आणि आपला किती? नोंदवहीत रकाने भरले म्हणजे आकारिक झाले असेही नव्हे. प्रत्येक मुलाजवळ बसून त्याचे वाचन ऐकले पाहिजे. गुरुजींच्या मागे दोन-दोन वर्ग आणि शाळेबाहेरची शंभर कामे असतात, हेही आपण जाणतो. म्हणूनच गावाने हात लावला पाहिजे.

फडातली मुले

एक गोष्ट आपल्या कारखानदारीशी थेट जोडलेली आहे. टोळ्यांबरोबर येणाऱ्या तोडणी मजुरांच्या मुलांचे निम्मे वर्ष कोपीवर जाते. वाचनाची घडी बसायच्या वयातच ती मोडते. शिक्षण हक्क कायद्याने अशा मुलाला वयानुसार योग्य वर्गात प्रवेश मिळतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून शाळा त्याला नाकारू शकत नाही. आपल्या रानात टोळी उतरली की मुकादमाला एवढे सांगावे आणि पोरांना शाळेपर्यंत पोचवावे. ज्यांच्या हातांनी आपला ऊस काट्यावर येतो, त्यांच्या पोरांचा उताराही आपल्याच हिशेबात धरावा.

सभासदांनी काय करावे

प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याप्रमाणे तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे ही समिती आपलीच आहे. तिच्या बैठकीत रंगकाम आणि कंपाउंडच्या भिंतीबरोबर एक विषय कायम ठेवावा : 'तिसरीतल्या किती मुलांना समजून वाचता येते?' गुरुजींना कोंडीत पकडण्यासाठी नव्हे, तर कोणाला मदत लागते हे कळावे म्हणून. गावात बारावी झालेल्या मुली-सुना आहेत. त्यांनी संध्याकाळी मारुतीच्या देवळात तासभर गोष्टी वाचून घेतल्या तरी पुष्कळ झाले.

पिवळ्या गाडीतून इंग्रजी शाळेत पोर धाडणाऱ्यांनाही आमचे हेच सांगणे आहे. इंग्रजी पाहिजेच, मराठी शाळांतही ती २००० सालापासून पहिलीपासूनच आहे. पण फी कितीही भरा, उताऱ्याचा प्रश्न तिथेही विचारा.

शेवटी एक काम आजच करण्याजोगे. घरात चौथी-पाचवीचे मूल असेल तर हा अंकच त्याच्या हातात द्या. एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा आणि मग विचारा, "काय लिवलंय, तुझ्या शब्दांत सांग बघू." अडखळले तर रागावू नका. रोज दहा मिनिटे जवळ बसवून ऐका. शेतात ऊस उभा आहे तोवर पाणी देता येते.

जय सहकार!