भोपळा फुटेपर्यंत

कामत मेमोरियल क्रिकेट क्लबकडून पहिला सामना खेळायला उतरलेला एक मुलगा पहिल्याच चेंडूवर बाद झाला. दुसऱ्या सामन्यात पुन्हा भोपळा. तिसऱ्या सामन्यात कशीबशी एक धाव निघाली. हा मुलगा म्हणजे सचिन तेंडुलकर. त्याच्या शतकांचे आकडे आपल्याकडे लहान पोरांनाही पाठ असतात. मला मात्र ही शून्य, शून्य, एक अशी सुरुवात जास्त महत्त्वाची वाटते. शिवाजी पार्कावर फलंदाज कसा तयार होतो, हे तिच्यात जितकं दिसतं तितकं त्या शतकांत दिसत नाही.

कारण तिसऱ्या सामन्यानंतर चौथा होता आणि चौथ्यानंतर पाचवा. मुलाला कुणी घरी पाठवलं नाही, की त्या दोन भोपळ्यांची कुठे चर्चा झाली नाही.

या मुलाचे प्रशिक्षक होते रमाकांत आचरेकर सर. त्यांचा जन्म १९३२ सालचा, मालवणचा. ते स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. स्टेट बँकेच्या संघाकडून हैदराबादविरुद्ध, १९६३-६४ च्या मोइनुद्दौला स्पर्धेत. पण त्यांच्या हाताखालून निघालेल्यांची नावं घ्यायला बसलं तर जवळजवळ एक संघ उभा राहतो: बलविंदरसिंग संधू, लालचंद राजपूत, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, तेंडुलकर, समीर दिघे, अजित आगरकर, रमेश पोवार. १९९० मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये पद्मश्री. २ जानेवारी २०१९ रोजी ते गेले. ३ डिसेंबर २०२४ ला, त्यांच्या जयंतीच्या दिवशी, पार्काच्या पाच नंबर गेटापाशी त्यांचं स्मारक झालं.

सरांच्या आठवणी सांगताना लोक एक रुपयाच्या नाण्यापासून सुरुवात करतात. संध्याकाळी नेट संपत आलं की मधल्या स्टंपवर नाणं ठेवायचं. जो गोलंदाज तेंडुलकरला बाद करेल त्याचं नाणं, आणि तो टिकला तर त्याचं. अशी तेरा नाणी त्याच्याकडे जमली आणि त्याने ती जपून ठेवली. नंतर पॅड-ग्लोव्ह्ज न काढता पार्काला दोन फेऱ्या. या गोष्टी खऱ्या आहेत आणि गोडही आहेत. पण सरांच्या शिकवण्याचं मर्म नाण्यात नव्हतं, ते स्कूटरमध्ये होतं.

नेटमध्ये मुलगा घोटतो, पण त्याला बाद होण्याची भीती नसते. दांडी उडाली तरी पुढचा चेंडू खेळायला तो उभाच असतो. त्यामुळे सरांचा भर सामन्यांवर होता. सामने ते स्वतः ठरवायचे आणि पोरांना स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे. इथे बाद झालास, चल, तिथे फलंदाजी मिळते का बघू. उन्हाळ्याच्या एका सुट्टीत साठ दिवसांत पंचावन्न सराव सामने खेळल्याचं तेंडुलकरने सांगितलं आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला दोन महिन्यांत पंचावन्न वेळा गार्ड घ्यायला मिळतो. त्यातले वीस डाव वाया गेले तरी पस्तीस उरतात. आणि ते वीसही वाया जात नाहीत. ऑफस्टंपबाहेरच्या चेंडूला बॅट लावली की काय होतं, हे बाद होऊन तंबूत बसल्यावर जितकं डोक्यात शिरतं तितकं कुणाच्या सांगण्याने शिरत नाही.

हे फक्त एका माणसाच्या जिद्दीवर चाललं असतं का? मला वाटत नाही. सरांची स्कूटर जिथे जायची तिथे मैदान तयार असायचं. एकट्या आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या. एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्या सामन्याच्या फाइन लेगला पाठ लावून उभा असतो आणि चेंडू नेमका कुणाचा हे ओरडून ठरतं. शेजारी क्रॉस मैदान आणि ओव्हल, इकडे माटुंग्याला दादर युनियन आणि दादरला पार्क. शाळकरी मुलांसाठी हॅरिस शील्ड १८९६ पासून आहे, त्याहून लहानांसाठी गाइल्स शील्ड. मोठ्यांच्या क्लबांसाठी १९४८ पासून कांगा लीग, तीही भर पावसाळ्यात. खेळपट्टीवर आच्छादन नाही, गवत घोट्यापर्यंत वाढलेलं. चेंडू एकदा टप्पा पडून थांबतो तर एकदा छातीवर येतो, आणि जमिनीवरून मारलेला फटका गवतात अडकतो. कांगात वीस धावा काढणाऱ्याकडे मुंबईत आदराने पाहतात. तिथे भल्याभल्यांना भोपळे मिळालेले आहेत, म्हणून तिथला भोपळा कुणी मनाला लावून घेत नाही.

अशी ही सगळी व्यवस्था. तिला मी अपयश स्वस्त करणारी व्यवस्था म्हणेन. मुलगा चुकतो, त्याची किंमत एका दुपारपुरती असते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो पुन्हा पार्कात हजर असतो.

आता जरा लांब जाऊन अमेरिकेत पाहू. तिथल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाची एक जागा असते. चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवायचं असतं की फेकायचा, कुणाकडे फेकायचा, की सोबत्याच्या हातात द्यायचा. समोरून धिप्पाड माणसं त्याच्या अंगावर धावत येत असतात. बत्तीस संघ, म्हणजे एका वेळी मैदानात बत्तीस जागा, आणि हंगामात प्रत्येकाला फक्त सतरा साखळी सामने. आठवड्याच्या सरावातही चेंडू मुख्यतः पहिल्या क्वार्टरबॅकच्याच हातात येतो, कारण रविवारी तोच उतरणार असतो. दुसरा बाजूला उभा राहून बघतो. तरुण पोराला लगेच उतरवायचं की बसवून शिकवायचं, हा तिथला जुना वाद आहे. ग्रीन बे या संघाने २००५ मध्ये निवडलेल्या अ‍ॅरन रॉजर्सला ब्रेट फार्व्हच्या मागे तीन हंगाम बसवलं आणि पुढे २०२० मध्ये निवडलेल्या जॉर्डन लव्हला रॉजर्सच्या मागे तेवढेच हंगाम. दोघेही पुढे चमकले. पण बहुतेक संघांना इतका धीर नसतो. महागडा पोरगा पहिल्याच वर्षी उतरतो, हरणाऱ्या संघात मार खातो आणि तीन-चार वर्षांत नावासकट विसरला जातो.

त्यांच्याकडेही एकदा कांगा लीगसारखं काहीतरी होतं. युरोपात त्यांनी एक दुय्यम लीग चालवली होती. कर्ट वॉर्नर १९९८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संघातून खेळला आणि दोन वर्षांच्या आत सुपर बोल हा तिथला अंतिम सामना जिंकून बसला. ती लीग २००७ मध्ये बंद केली गेली. चुका करण्याची जागा बंद केली की उरतात दोनच रस्ते: बाकावर बसणं किंवा सगळ्या देशासमोर चुकणं. त्या लीगबद्दल वाचताना मला पार्क आठवलं आणि पार्काची किंमत कळली.

बाकावर बसण्याची गोष्ट निघाली म्हणून फेब्रुवारी १९८८ कडे वळतो. आझाद मैदान, हॅरिस शील्डची उपांत्य फेरी, शारदाश्रम विद्यामंदिर विरुद्ध सेंट झेवियर्स. चौदा वर्षांचा तेंडुलकर नाबाद ३२६, सोळा वर्षांचा कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४, धावफलक २ बाद ७४८. डाव घोषित करा म्हणून निरोप आला तो दोघांनी कानाआड केला. समोर गोलंदाजी करणाऱ्यांत साईराज बहुतुले होता. तोही पुढे भारताकडून खेळला. हे सगळं आपण शंभरदा ऐकलं आहे. पण याच दोन दिवसांत सीमारेषेबाहेर एक तेरा वर्षांचा मुलगा पॅड बांधून बसला होता. पुढचा नंबर त्याचा होता. नंबर आलाच नाही.

तो अमोल मुजुमदार. १९९४ मध्ये फरीदाबादला हरियाणाविरुद्ध त्याने रणजी पदार्पण केलं आणि २६० धावा काढल्या. प्रथम श्रेणी पदार्पणातला तो विश्वविक्रम पुढचं जवळजवळ पाव शतक कुणाला मोडता आला नाही. एकूण १७१ सामने, ११,१६७ धावा, तीस शतकं. भारताची टोपी एकदाही नाही. त्याच्या वाटेत द्रविड, गांगुली, लक्ष्मण आणि शेजारचाच तेंडुलकर उभे होते. २००६-०७ च्या मोसमात मुंबईचे पहिले तीन सामने हातचे गेले होते. त्याच संघाला त्याने रणजी करंडक जिंकून दिला. इतकी वर्षं पॅड बांधून बसायला मनाची जी ताकद लागते ती कुठून येते, याचं एक उत्तर तरी मला त्या आझाद मैदानावरच्या दोन दिवसांत दिसतं.

दुसरं उत्तर रोजच्या भाकरीचं आहे. मुंबईत थांबून राहणं परवडायचं, कारण थांबणाऱ्याला नोकरी मिळायची. बँका, टाटा, मफतलाल, निरलॉन यांचे संघ टाइम्स शील्डमध्ये एकमेकांशी ईर्षेने खेळायचे. सकाळी ऑफिसात सही, दुपारी नेट, महिन्याला पगार. पार्कावर घडलेल्या शंभर मुलांतली दोन देशासाठी खेळायची. उरलेल्यांतल्या कित्येकांचे संसार ऑफिस क्रिकेटने उभे राहिले आणि म्हणून त्यांच्या मागची पोरंही बिनघोर खेळत राहिली. ऑफिसांनी हात आखडते घेतले तेव्हा फक्त एक स्पर्धा फिकी पडली असं नाही. चाळीतल्या आईबापांनी मुलाला बॅट घेऊन देण्यामागचा हिशेबच डळमळला.

सरांबद्दल एक गोष्ट इथे सांगायला हवी. तेंडुलकर आला तेव्हा बॅट फार खाली धरायचा, थोरल्या भावाच्या मोठ्या बॅटने खेळून लागलेली सवय. सरांनी पकड बदलून पाहिली. जमेना. मग त्यांनी ती तशीच राहू दिली. पुस्तकातल्या चित्राशी मुलगा जुळत नाही म्हणून मुलगा मोडायचा नाही, एवढं भान त्यांना होतं. पहिल्या दिवशीही पोरगा बुजला तेव्हा मोठ्या भावाच्या विनंतीवरून ते निघून गेल्यासारखं करून झाडाआडून बघत राहिले होते. कौतुक मात्र चुकूनही नाही. ‘छान खेळलास’ हे शब्द तेंडुलकरने त्यांच्याकडून उभ्या कारकिर्दीत ऐकले नाहीत. सरांनी भेळपुरी खायला नेलं की ओळखायचं, आज ते खूश आहेत. आणि एकदा शारदाश्रमचा अंतिम सामना बघायला म्हणून पोराने ठरलेला सराव सामना चुकवला, तेव्हा सर भडकले. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायला येऊ नकोस, लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील असं खेळ, हा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. एक डाव हुकला, हेच त्यांचं दुःख होतं.

तरी ही घडण कुठे कमी पडते तेही पाहिलं पाहिजे, आणि त्यासाठी कांबळीच्या आकड्यांपाशी थांबावं लागतं. १९९३ मध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४, लगेच दिल्लीला झिम्बाब्वेविरुद्ध २२७. १७ कसोटी, सरासरी ५४ च्या वर. शेवटची कसोटी खेळला तेव्हा वय तेवीस. मैदानात त्याला पुढचा सामना नेहमी मिळायचा. वर गेल्यावर तो मिळेनासा झाला, आणि त्या दिवसाची तयारी पार्कात कुणी करून घेतली नव्हती. पृथ्वी शॉचंही जवळजवळ तसंच. २०१३ मध्ये याच हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा, अठराव्या वर्षी कसोटी पदार्पणात शतक, आणि पंचविशीत मुंबईच्या संघातली जागाही हातून गेलेली. आज आयपीएलच्या बोलीत सतरा वर्षांच्या मुलाचा भाव सगळा देश पाहतो. त्याला मिळालेला भोपळा रात्री हजार मोबाइलवर फिरतो. ज्या वयात चुका स्वस्त हव्यात त्याच वयात त्या महाग झाल्या आहेत. याची मला मनापासून काळजी वाटते.

पार्क अजून आहे. कट्ट्यावर संध्याकाळी जागा मिळत नाही, जाळ्यांमागून ‘सोड, सोड तो’ असे आवाज येतात, समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांबावर पोरं उलटी लटकलेली असतात. शनिवार-रविवारी सामने असतात. ते कमी होऊ देऊ नयेत, एवढंच मागणं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये अमोल मुजुमदार भारतीय महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. दोन वर्षांनी भारतात विश्वचषक भरला. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज त्यात दोनदा शून्यावर बाद झाली. इंदूरच्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात तिला संघाबाहेर बसावं लागलं. पुढच्याच सामन्यात ती परत आली, तिसऱ्या क्रमांकावर. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ३३९ धावांचं लक्ष्य होतं. आपण तिसऱ्या क्रमांकावर जाणार हे तिला मैदानात उतरण्याच्या काही मिनिटं आधी कळलं. ती १२७ वर नाबाद राहिली. २ नोव्हेंबरला अंतिम सामना होता. त्यात ८७ धावा आणि दोन बळी घेणारी शेफाली वर्मा मूळ संघात नव्हती. सहकारी जखमी झाली म्हणून तिला उपांत्य फेरीच्या तोंडावर बोलावून घेतलं होतं.