टायगरबेल्स : टेनेसीच्या वेगवान कन्या

वर्णभेदाचा अंमल कायद्यानेच चालू असलेल्या अमेरिकेच्या दक्षिण भागात, नॅशव्हिलच्या टेनेसी स्टेट विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थिनींच्या धावण्याच्या ‘टायगरबेल्स’ या संघाला अंदाजपत्रकात फारशी तरतूद नसताही, १९५० पासून चार दशकांहून अधिक काळ, प्रसंगी स्वतःच्या मोटारीतून मुलींना स्पर्धेस नेऊन, एड टेम्पल या गुरूने चाळीस ऑलिंपिकपटू घडविले. १९६० साली रोमला ४ × १०० मीटर रिले जिंकणाऱ्या चारही जणी याच विद्यापीठाच्या! त्यांतील विल्मा रुडॉल्फ, बालपणी पोलिओने पाय अधू झालेली, तीन सुवर्णपदके घेऊन जगद्विख्यात झाली, हे यथार्थच. परंतु माझ्या मते उपेक्षा झाली ती याच संघातील वायोमिया टायसची, जिने १९६४ व १९६८ अशा लागोपाठच्या दोन ऑलिंपिकांत शंभर मीटरची शर्यत जिंकली, आणि हा पराक्रम तत्पूर्वी कोणाही स्त्रीपुरुषास साधला नव्हता.