अट घातली तेव्हाच

फेब्रुवारी 2014 मध्ये राष्ट्राध्यक्ष यानुकोविच युक्रेनमधून पळाले, तेव्हा कीवच्या मैदान चौकातल्या लोकांना नुसता सत्ताबदल नको होता. बँका, वाहिन्या, न्यायालयं मूठभर धनाढ्यांच्या मुठीतून सुटायला हवी होती. युरोपीय संघ, अमेरिका, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी मदतीला आले. प्रशिक्षणं झाली, परिसंवाद झाले. न्यायाधीश मात्र बहुतेक तेच राहिले.

2015 मध्ये ‘नाबू’ ही भ्रष्टाचारविरोधी तपास संस्था उभी राहिली. तिने बड्या धेंडांवर गुन्हे नोंदवले, पण खटले जुन्याच न्यायालयांत रखडले. भ्रष्टाचाराच्या खटल्यांसाठी वेगळं न्यायालय हवंच, ही अट नाणेनिधीने मदतीला घातली, तेव्हा कुठे जून 2018 मध्ये त्याचा कायदा झाला.

त्यातली एक तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते. न्यायाधीशपदाच्या संशयास्पद उमेदवारांना सहा परदेशी तज्ज्ञांपुढे बसावं लागे. पगार एवढा, मग हे घर कुठून आलं? सहापैकी किमान तिघांचं समाधान झालं नाही, तर नाव बाद. 113 पैकी सुमारे 40 जण असे गळाले. हा सार्वभौमत्वावर घाला आहे, अशी ओरड झाली. मला ती पटत नाही. निवड करणाऱ्या घरच्या यंत्रणेवर लोकांचाच विश्वास उरला नव्हता. 5 सप्टेंबर 2019 ला न्यायालय सुरू झालं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये जुन्या न्यायव्यवस्थेने आपले रंग दाखवले होते. साडेपाच अब्ज डॉलरचं खिंडार पडलेली प्रायव्हेटबँक सरकारने 2016 मध्ये ताब्यात घेतली होती. कीवच्या न्यायालयाने तेच बेकायदा ठरवलं. बँक जुन्या मालकांना परत देता येणार नाही, हा कायदा 2020 मध्ये झाला, तोही नाणेनिधीने कर्ज अडवून धरल्यावर.

मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्षच लाचेच्या आरोपाखाली पकडले गेले. सोफ्यावर रचलेल्या डॉलरच्या गड्ड्यांचा नाबूने दिलेला फोटो जगभर पोचला.

22 जुलै 2025 ला संसदेने नाबूचं स्वातंत्र्य काढून घेतलं, राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्कींनी त्याच दिवशी सही केली. युद्ध चालू असताना तरुण पुठ्ठ्याचे फलक घेऊन रस्त्यावर उतरले, युरोपनेही निधीला कात्री लावायची तयारी दाखवली. 31 जुलैला 331 मतांनी ते स्वातंत्र्य परत मिळालं. नुसत्या बाहेरच्या दबावाने हे नऊ दिवसांत घडलं नसतं.

नोव्हेंबरमध्ये याच नाबूने अणुऊर्जा कंपनीतल्या लाचखोरीचा तपास राष्ट्राध्यक्षांच्या निकटवर्तीयांपर्यंत नेला. 28 तारखेला झेलेन्स्कींचे कार्यालयप्रमुख येर्माक यांच्या घराची झडती झाली आणि त्याच दिवशी त्यांनी पद सोडलं.