यात्रेचा अखेरचा दिवस : नदीपलीकडचे अहमदाबाद

शत्रुंजयाची यात्रा आटोपून महाराष्ट्रात परतणाऱ्या अनेक कुटुंबांच्या वाट्याला अहमदाबादेत एक मोकळा दिवस येतो. पालिताण्याहून आदल्या संध्याकाळी येऊन धर्मशाळेत मुक्काम होतो आणि घरची गाडी दुसऱ्या दिवशी रात्री असते. देरासराचे दर्शन, पोळींतून एक फेरी आणि उरलेला वेळ कापडाच्या दुकानांत, असा हा दिवस बहुधा संपतो. नव्या शहराकडे जावे असे तरुण मंडळींच्या मनात असते; तेथे आपले काय आहे, असे वडीलधाऱ्यांना वाटते. जुने शहर धर्माचे आणि नवे शहर इतरांचे, ही समजूत मात्र एका दिवसाच्या निवांत भ्रमंतीत दूर होऊ शकते.

दिवसाचा आरंभ दिल्ली दरवाजाबाहेरील हठीसिंहांच्या देरासरातच व्हावा. पंधरावे तीर्थंकर श्री धर्मनाथ भगवानांचे हे संगमरवरी मंदिर १८४८ साली पूर्ण झाले. शेठ हठीसिंह केसरीसिंह यांनी ते बांधावयास घेतले. परंतु मंदिर पूर्ण होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या पत्नी हरकुंवर शेठाणी यांनी काम तडीस नेले. बाहेर पडताना एवढेच लक्षात ठेवावे की, आरंभ करणाऱ्याने पूर्तता पाहिली नाही. पुढच्या साऱ्या दिवसाचे सूत्र त्यात आहे.

शाहपूरहून मेट्रो पकडली की पाहता पाहता गाडी साबरमती ओलांडते. ओल्ड हायकोर्ट स्थानकावर उतरून आश्रम रोडवरील गिरणीमालक संघाच्या इमारतीकडे जावे. ही इमारत फ्रेंच-स्विस वास्तुकार ल कार्बुझिए यांची, १९५४ सालची. ती उभारली गेली तेव्हा संघाचे अध्यक्ष सुरोत्तम हठीसिंह होते. सकाळी देरासरात वाचलेले नाव येथे पुन्हा भेटते. रस्त्याच्या, म्हणजे पश्चिमेच्या बाजूस काँक्रीटच्या तिरप्या पट्ट्या आहेत. त्या दुपारचे ऊन अडवतात आणि वारा आत येऊ देतात. यंत्राने हवा थंड करण्याऐवजी भिंतीनेच उन्हाचा हिशेब सांभाळावा, हा विचार कोणत्याही व्यापाऱ्यास पटण्यासारखा आहे.

तेथून रिक्षाने गुजरात विद्यापीठाच्या परिसरात यावे. दिवसाचा मोठा वाटा येथेच खर्च करावा. लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृती विद्यामंदिर ही संस्था कस्तूरभाई लालभाई यांनी आपल्या वडिलांच्या नावे उभी केली. मुनिश्री पुण्यविजयजी महाराजांनी आयुष्यभर जमविलेली हजारो हस्तलिखिते संस्थेस दिली. तो तिचा पाया. इमारत बाळकृष्ण दोशी यांची. पुण्यात जन्मलेल्या या वास्तुकारास २०१८ साली प्रित्झ्कर पारितोषिक मिळाले. पोथ्यांना ऊन आणि उष्मा लागू नये म्हणून त्यांनी हस्तलिखितांचे दालन अर्धे जमिनीखाली ठेवले. येथील शांतिनाथचरित्राच्या सचित्र पोथीची नोंद २०१३ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत झाली. शेजारच्या संग्रहालयात चित्रे आणि शिल्पे पाहताना घरातील लहान मुलेही रमतात. उपाश्रयातील ज्ञानभांडार आधुनिक शहरात कसे नांदू शकते, हे येथे प्रत्यक्ष दिसते.

कस्तूरभाईंचे (१८९४–१९८०) चरित्र या दिवसात पावलोपावली भेटते. अरविंद मिल्सचे संस्थापक, आणंदजी कल्याणजी पेढीचे दीर्घकाळ अध्यक्ष, राणकपूरच्या जीर्णोद्धाराचे कर्ते, ही त्यांची एक ओळख. दुसरी ओळख १९३५ साली स्थापन झालेल्या अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीची. त्या कामात त्यांच्यासोबत गणेश वासुदेव मावळंकर होते. पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झालेले मावळंकर अहमदाबादेत वकिली करीत. विक्रम साराभाईंसारखा जैन घराण्यातीलच तरुण शास्त्रज्ञ आणि कस्तूरभाईंसारखा मुरब्बी व्यापारी एकत्र आले आणि १९४७ साली कापड संशोधनाची ‘अटिरा’ ही संस्था आकारास आली. पुढे १९६१ साली भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाली, तेव्हाही हे दोघे अग्रभागी होते.

व्यवस्थापन संस्थेचा जुना परिसर पाहण्यासाठी आधी परवानगीची चौकशी करून ठेवावी. अमेरिकन वास्तुकार लुई कान यांनी साध्या भाजक्या विटांत तो उभा केला. गिलावा नाही, रंग नाही. मोठमोठ्या वर्तुळाकार झरोक्यांतून सावली आणि प्रकाश आत उतरतो. कान १९७४ साली भारतातून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकावर निधन पावले. उरलेले काम दोशी आणि अनंत राजे यांनी पुरे केले. सकाळचेच सूत्र पुन्हा समोर येते.

जेवणाची चिंता या शहरात नाही. कंदमूळ वर्ज्य असलेले जेवण मागताना कोणास समजावून सांगावे लागत नाही. माणेक चौकातील रात्रीची खाद्यजत्रा प्रसिद्ध असली तरी चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून नदीकाठ गाठावा. साबरमतीच्या दोन्ही काठांवर आता लांबच लांब पादचारी मार्ग आहे. एके काळी वर्षाचे कित्येक महिने कोरड्या राहणाऱ्या पात्रात नर्मदेच्या कालव्याचे पाणी खेळते. हे रूप फुकट आलेले नाही. काठावरील हजारो गरीब कुटुंबांना घरे सोडून दूर जावे लागले, हेही फिरताना स्मरणात असावे. २०२२ साली खुला झालेला अटल पूल केवळ पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी आहे. त्यावरून १८९२ सालचा लोखंडी एलिस पूल दिसतो.

पुलाच्या मध्यावर क्षणभर थांबले की एक गोष्ट जाणवते. ज्या गिरण्यांच्या नफ्यातून हे सारे घडले, त्यांपैकी बहुतेक गिरण्या विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बंद पडल्या. भोंगे थांबले, हजारो कामगारांची रोजी गेली, कित्येक पेढ्यांची नावे पुसली गेली. टिकल्या त्या संस्था. पोथ्या सुरक्षित आहेत, वर्ग भरत आहेत, प्रयोगशाळा चालू आहेत. व्यापार पिढीगणिक बदलतो. त्यातून बाजूला काढलेला आणि योग्य हाती सोपविलेला भाग मात्र तग धरतो. महाराष्ट्रात सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या नावाने ओळखले जाते, तेही याच परंपरेतील.

आज आपल्या समाजात दानाला कमतरता नाही. देरासरांचे जीर्णोद्धार होतात, साधर्मिक वात्सल्य होते, चढावे मोठ्या आकड्यांचे बोलले जातात. गावातील ग्रंथालय, वसतिगृह किंवा कुणा हुशार मुलीचे शिक्षण यांसाठी त्याच हाताने किती सुटते, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने घरच्या घरी विचारण्याजोगा आहे. कस्तूरभाईंनी राणकपूर आणि विद्यापीठ यांत निवड केली नाही, दोन्ही केले.

रात्री कालुपूर स्थानकावर गाडी लागते. सामानात पालिताण्याचा प्रसाद असतो, मुलांच्या हाती संग्रहालयातून घेतलेली चित्रे असतात. गाडी सुटल्यावर नातवाने आजोबांस विचारावे, ‘आपल्या गावात असे काही आपण बांधू शकतो का?’ आणि घर येईपर्यंत तो विषय चालावा, एवढे घडले तरी दिवस सार्थकी लागला.