बॅकअपचा सर्व्हर बदलताना नेमकं काय हलवायचं?

आजचा विषय वरवर सोपा आहे. जुना सर्व्हर थकला, नवा आला, त्यावर बॅकअपचं सॉफ्टवेअर टाकलं की झालं काम, असं आपल्याला वाटतं. वेबसाइट हलवताना काही बिघडलं तर पाच मिनिटांत कुणीतरी फोन करतं. बॅकअपचं तसं नाही. तो बिघडला तरी सगळं शांत असतं. कळतं ते थेट फाइल हरवते त्या दिवशी.

उदाहरण म्हणून आपण बॅक्युला घेऊ. केर्न सिबाल्ड यांनी 2000 साली सुरू केलेलं हे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर. त्याचे मुख्य भाग तीन. डायरेक्टर हुकूम सोडतो, प्रत्येक यंत्रावरचा क्लायंट फाइली वाचून पाठवतो, आणि स्टोरेज डीमन त्या व्हॉल्यूममध्ये, म्हणजे डिस्कवर किंवा टेपवर, लिहितो. शिवाय एक डेटाबेस असतो, त्याला कॅटलॉग म्हणतात. कोणती फाइल, कोणत्या तारखेची, कोणत्या व्हॉल्यूममध्ये आहे, याची ही नोंदवही.

आता बघा, या सगळ्यात अमूल्य काय? सॉफ्टवेअर नव्हे, ते पुन्हा उतरवता येतं. अमूल्य आहेत व्हॉल्यूम, कॅटलॉग आणि सेटिंगच्या फाइली. बॅकअप कूटबद्ध असेल तर चौथी गोष्ट म्हणजे त्याच्या किल्ल्या. बाकी सगळं असलं आणि किल्ली नसली, तर तो डेटा गेला असंच समजा.

कॅटलॉग हरवला तर? ग्रंथालयात पुस्तकं आहेत, पण सूची जळाली, तशी गत. बॅक्युलामध्ये बीस्कॅन नावाचं साधन व्हॉल्यूम वाचून नोंदी पुन्हा उभ्या करतं. पण त्यासाठी व्हॉल्यूम अथपासून इतिपर्यंत वाचावे लागतात. डेटा काही टेराबाइट असेल, तर हे काम किती लांबेल याचा अंदाज करा. म्हणून सर्वांत आधी जुना डायरेक्टर थांबवायचा, मग कॅटलॉगचा डंप घ्यायचा. दोन्ही डायरेक्टर एकाच वेळी चालू ठेवू नयेत. तसं केलं तर दोघांच्या नोंदी वेगळ्या होतात, आणि एकाला जपायचा असलेला व्हॉल्यूम दुसरा पुसू शकतो.

नव्या सर्व्हरवर शक्यतो तीच आवृत्ती ठेवावी. डायरेक्टर आणि स्टोरेज डीमन एकाच आवृत्तीचे लागतात, क्लायंट जुना असला तरी चालतो. सर्व्हर आणि आवृत्ती एकाच रात्री बदलली, तर बिघाड कशामुळे झाला हे शोधणं अवघड होतं. डायरेक्टरचं नाव आणि पासवर्ड तेच ठेवले, तर क्लायंटवर सहसा काही बदलावं लागत नाही. मीडिया टाइप हे नावही तेच ठेवा. कॅटलॉगमध्ये ते नोंदलेलं असतं, ते बदललं तर जुना व्हॉल्यूम समोर असूनही रिस्टोअरच्या वेळी सापडत नाही. आणि स्टोरेजच्या पत्त्यात लोकलहोस्ट लिहू नका. डायरेक्टर तो पत्ता क्लायंटला देतो, आणि क्लायंट बिचारा स्वतःच्याच यंत्रावर स्टोरेज शोधत बसतो!

आवृत्तीकडे दुर्लक्ष केलं तर काय होतं, ते गिटलॅब या कंपनीनं 2017 मध्ये स्वतःच जाहीरपणे लिहून ठेवलंय. त्यांचा डेटाबेस पोस्टग्रेस 9.6 होता, पण बॅकअपसाठी 9.2 चा पीजी-डंप चालत होता. तो दर वेळी चूक दाखवून थांबायचा. चुकीचे ईमेल निघत होते, पण समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. 31 जानेवारीला मुख्य डेटाबेसचा डेटा चुकून पुसला गेला, तेव्हा बॅकअपची जागा रिकामी आढळली. एका अभियंत्यानं दुसऱ्याच कामासाठी सुमारे सहा तास आधी घेतलेला स्नॅपशॉट होता, त्यावरून काम निभावलं. मधल्या सहा तासांतल्या नोंदी मात्र गेल्या.

यातून आपण काय घ्यायचं? नव्या सर्व्हरवर रात्रीचा बॅकअप यशस्वी झाला, याचा अर्थ लिहिणं जमतंय, एवढाच. स्थलांतर झालं की नाही, हे वाचण्यावरून ठरतं. म्हणून तीन फाइली परत आणून बघा: एक कालची, नव्या सर्व्हरनं घेतलेली, एक महिन्यापूर्वीची, आणि एक जपून ठेवलेल्यांपैकी सर्वांत जुनी. त्या वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवा, मूळ फाइलवर नको. नुसतं नाव बघून थांबू नका, उघडून बघा. चुकीचा ईमेल खरंच पोहोचतो का, हे पाहायला एक जॉब मुद्दाम अयशस्वी करा.

आणि तोवर जुना सर्व्हर? बंद करा, पण पुसू नका. सर्वांत जुनी फाइल नव्या घरातून उघडली, की मगच त्याला निरोप द्यायचा.