दाबता दाबेना हा क्लच!

संध्याकाळचे सात वाजलेले. सिग्नल लाल. पुढे बस, शेजारी रिक्षा आणि मधल्या चिंचोळ्या जागेत एक जुनी बुलेट धडधडत उभी. ती चालवणारे गृहस्थ पंचावन्नच्या घरातले. डाव्या हाताची चारही बोटे क्लचच्या लिव्हरभोवती आवळलेली. सिग्नल हिरवा होईपर्यंत त्यांच्या मनगटातून एक कळ कोपरापर्यंत चढून जाते. मागे बसलेल्या पत्नीला ती दिसत नाही. पण घरी आल्यावर जिना चढताना ते डावा हात दोन-तीन वेळा झटकतात आणि ती म्हणतेच, ‘‘अहो, आता विका ही गाडी. बिनगिअरची स्कूटर घेऊ.’’

असे गृहस्थ कोल्हापुरात भेटतात, नागपुरात भेटतात, इंदूर-बडोद्याच्या मराठी घरांतही भेटतात. तक्रार केवळ उतारवयाचीही नाही. हौसेने मोठी मोटरसायकल घेतलेल्या मुली, लहान पंजाचे तरुण, दिवसभर गाडीवर फिरणारे विक्रेते, सगळ्यांचे म्हणणे एकच, क्लच फार जड आहे.

गॅरेजमध्ये यावर एक ठरलेला उपाय सुचवला जातो. ‘‘काका, नरम स्प्रिंगा टाकतो. लोण्यासारखा क्लच होईल.’’ होतोही. पंचाईत होते ती पुढच्या रविवारी, घाटात.

जोर कुठे लागतो?

मोटरसायकलच्या क्लचमध्ये दोन प्रकारच्या चकत्या एकाआड एक बसवलेल्या असतात. एका जातीच्या चकत्या इंजिनाबरोबर फिरतात, दुसऱ्या जातीच्या गिअरबॉक्सशी जोडलेल्या असतात. स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर घट्ट दाबून धरतात, म्हणून इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत पोहोचते. आपण लिव्हर ओढतो तेव्हा वायर ताणली जाते, खालची एक लहानशी दांडी फिरते आणि प्रेशर प्लेट दीड-दोन मिलीमीटर उचलली जाते. चकत्या सुटतात, गिअर बदलता येतो. म्हणजे हाताची सारी झटापट असते ती त्या स्प्रिंगांशी.

मग स्प्रिंगाच नरम केल्या तर? चकत्यांवरची पकडही तेवढीच ढिली होते. सपाट रस्त्यावर एकटे जाताना काही जाणवत नाही. पण खंबाटकीच्या चढावर, मागे माणूस आणि डिकीत सामान असताना मूठ पिळली की इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी मात्र तेवढीच पळते. चकत्या घसरत असतात. थोड्याच वेळात जळका वास येतो आणि स्वस्तातल्या स्प्रिंगांपायी नव्या क्लचप्लेटांचे बिल हाती पडते. काही ठिकाणी तर स्प्रिंगा न बदलता त्यांचे स्क्रू नुसते ढिले करून देतात. त्याचा शेवटही तोच होतो.

दुसरी युक्ती खालची दांडी लांब करण्याची. ही शास्त्राला धरून आहे, म्हणून तिचा मोह अधिक. समजा, दांडी ४० मिलीमीटरची होती, ती ४८ची केली. हाताला लागणारा जोर १०० वरून ८३ वर येतो. पण त्याच हिशेबाने प्लेट पूर्वी १.८ मिलीमीटर उचलली जात असेल, तर आता दीडच उचलली जाईल. ज्या गाडीत चकत्या सुटायला तेवढे अंतर पुरते, तिथे हा बदल झकास चालतो. जिथे पुरत नाही, तिथे पूर्ण लिव्हर दाबूनही गाडी पुढे सरकू पाहते, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही आणि पहिला गिअर ‘खट्ट’ करून पडतो. तरफेचा हा जुना हिशेब आहे. जोर वाचवला की अंतर द्यावे लागते. बाजारात हलक्या क्लचसाठी मिळणाऱ्या लिव्हरनाही तो चुकलेला नाही.

गुन्हेगार बहुतेक वेळा वायर

मात्र एक जोर असा असतो, जो कोणत्याही कामी येत नाही. तो वायरीच्या नळीत घासण्यातच वाया जातो. तो वाचवला तर बदल्यात काही द्यावे लागत नाही. म्हणून सुरुवात तिथून करायला हवी. गॅरेजमध्ये मात्र तिथे सगळ्यात शेवटी पाहतात!

जुन्या बुलेटचेच पाहा. तिचा क्लच गाडीच्या डाव्या अंगाला, पण तो सोडवणारी दांडी उजव्या अंगाला गिअरबॉक्सवर. एक सळई गिअरबॉक्सच्या पोकळ शाफ्टमधून आरपार जाऊन क्लच ढकलते. साहजिकच डाव्या मुठीपासून निघालेल्या वायरीला वळसे घेत उजवीकडे उतरावे लागते. प्रत्येक वळणावर आतली तार नळीच्या भिंतीला घासते आणि हे घर्षण वळणागणिक बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. सगळी वळणे मिळून अर्धे वर्तुळ होत असेल आणि वायर तेलपाणी केलेली असेल (घर्षणांक ०.१ धरू), तर खाली १०० एकक जोर पोहोचवायला वर सुमारे १३७ लावावा लागतो. तीच वायर कोरडी, गंजकी झाली आणि घर्षणांक ०.२ वर गेला, तर १८७! स्प्रिंगा त्याच, गाडी तीच, हात तोच.

तपासणी घरच्या घरी होते. इंजिन बंद करावे. वायरीचे खालचे टोक दांडीतून सोडवावे आणि वरची लिव्हर एका बोटाने हलवून पाहावी. ती पिसासारखी हलायला हवी. अडखळली, खरखरली, तर दोष वायरीचा किंवा लिव्हरच्या बोल्टचा. स्प्रिंगांना हात लावायचे कारणच नाही.

वायर फार जुनी नसेल तर तेल घालून पाहता येते. वरचे टोक सोडवून त्याला दुधाच्या रिकाम्या पिशवीचा कोपरा नरसाळ्यासारखा दोऱ्याने बांधावा, शिलाई मशिनचे पातळ तेल ओतावे आणि रात्रभर राहू द्यावे. सकाळी खालच्या टोकाशी काळे पाणी ठिबकलेले दिसले, की आत काय साचले होते ते कळते. काही नव्या वायरींना आतून नायलॉनचे अस्तर असते. त्यांत ग्रीस मुळीच भरू नये आणि तेलाबद्दल गाडीच्या पुस्तिकेत काय म्हटले आहे ते आधी वाचावे. टोकाची शिशाची गोळी लिव्हरच्या भोकात मोकळी फिरते ना, हेही पाहावे. ती अडकली की प्रत्येक दाबाबरोबर तार तिथेच मुडपते आणि एकेक धागा तुटू लागतो. दोन-चार धागे बाहेर आलेले दिसले तर तेल-बिल विसरून वायर बदलावी. सहकुटुंब नाश्त्याच्या खर्चात येणाऱ्या वस्तूसाठी भर घाटात गाडी ढकलण्याची वेळ का आणावी?

नवी वायर टाकताना मार्गही नीट हवा. हौसेने उंच हँडल बसवलेल्या गाडीत जुन्याच मापाची वायर ताणून बसवतात, किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने फ्रेमला करकचून बांधतात. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. वायर कुठेही ओढली जाता कामा नये. शिवाय चकत्या झिजल्यावर नुसता वायरीचा स्क्रू फिरवत राहिले की खालची दांडी तिरकी होत जाते आणि तिची तरफ कमी पडते. लिव्हर अर्धी दाबलेली असताना दांडी आणि वायर यांच्यात जवळपास काटकोन हवा. तो नसेल, तर आतल्या सळईचा स्क्रू आधी लावून मग वायर लावावी.

नव्या गाड्यांची शक्कल

क्लच हलका करण्याचा प्रश्न कारखान्यांनीही अनेक परींनी हाताळला आहे. म्हैसूरला बनणाऱ्या येझदीत गिअरच्या खटक्याबरोबर क्लच आपोआप सुटत असे. इंग्लंडच्या नॉर्टन कमांडोत १९६७ पासून बशीच्या आकाराची एकच स्प्रिंग आली, जी दाबत नेली की प्रतिकार वाढण्याऐवजी घटतो. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचमध्ये वायरच नसते, म्हणून तिचे घासणेही नसते.

सर्वांत हुशार युक्ती मात्र अलीकडची, ‘असिस्ट अँड स्लिपर’ क्लचची. यात चकत्यांच्या आतल्या भागाला उतरते दात असतात. इंजिन जोर लावू लागले की हे दात प्रेशर प्लेटला आपोआप आत खेचतात. पकडीचे अर्धे काम इंजिनच करते, त्यामुळे स्प्रिंगा मुळातच नरम ठेवता येतात. वेगात असताना एकदम खालचा गिअर टाकला तर तेच दात उलटे सरकून पकड ढिली करतात, मागचे चाक उडत नाही. २०१८ मध्ये यामाहाच्या आर-१५ च्या तिसऱ्या आवृत्तीत आणि रॉयल एनफिल्डच्या ६५० सीसीच्या जोडगोळीत हा क्लच होता. २०२५ मध्ये तो हंटर ३५० मध्येही आला. जुन्या गाडीत तो बसवायचा तर त्याच मॉडेलसाठी बनवलेला पूर्ण संच हवा. दुसऱ्या गाडीच्या नरम स्प्रिंगा तेवढ्या काढून आणणे म्हणजे पुन्हा खंबाटकीची गोष्ट.

आता थोडे हाताविषयी. लिव्हर खिळ्याजवळ दोन बोटांनी ओढण्यापेक्षा टोकाकडे धरली तर जोर कमी लागतो. तिचा ब्रॅकेट सैल करून असा फिरवावा, की मनगट आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत येईल. याला पैसाही पडत नाही. लांब सिग्नलला न्यूट्रल करून हात सोडावा. पण अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येत असतील, वस्तू हातातून निसटत असतील, तर प्रश्न गाडीचा नसून मनगटातल्या नसेचा असू शकतो. तेव्हा मेकॅनिककडे नव्हे, डॉक्टरांकडे जावे.

क्लचवर काहीही काम करून घेतले की दोन गोष्टी पाहायच्या. लिव्हरला कंपनीने सांगितलेली ढील आहे ना, आणि क्लच घसरत नाही ना. दुसरी परीक्षा चढावर, वरच्या गिअरमध्ये, मूठ पिळून घ्यायची असते. एकट्याने ती पुरती होत नाही. वजन लागते, मागे कुणीतरी बसायला हवे. आणि गाडी विका म्हणणाऱ्या बाईंनाच त्या रविवारी ‘‘चल, एक चक्कर मारून येऊ,’’ असे म्हणावे लागते.